चौथ्या शिरेचे वळण

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. भिंग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मूठ असलेली गोल काच आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मला मूठ नाही. मी काचेचेही नाही, प्लॅस्टिकचे आहे आणि मसुरीच्या दाण्याएवढे आहे. हातातून निसटले तर सरळ केरात जाते. आजवर दोनदा गेले आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. साच्यात गरम थेंब पडला, थंड झाला आणि मी तयार झाले. मला एका व्हीसीडी प्लेयरच्या पोटात दोन नाजूक तारांवर बसवले. खालून लाल किरण यायचा, वर चकती गरगर फिरायची. तो किरण चकतीवर नेमका टेकवायचा, एवढेच माझे काम. चकती जरा हलली की मीही केसभर वर, केसभर खाली सरकायचे. माझ्यापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत जे असेल ते मला लख्ख दिसते. त्यापलीकडचे सगळे जग म्हणजे धुके. लोक त्या चकत्यांवर सिनेमे बघत, हसत, रडत. मला मात्र त्यातले काहीच दिसले नाही. मी आपली चकतीवरच्या खाचा बघत बसायचे.

तो प्लेयर मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वैशाखरे गावात, भगीरथ नावाच्या माणसाने घेतला. लग्न, बारसे, पूजा असली की भगीरथ टीव्ही आणि प्लेयर भाड्याने द्यायचा. धसईच्या बाजूच्या पाड्यांवर आम्ही कितीदा गेलो त्याची गणतीच नाही. डोक्यावर टीव्ही, काखेत प्लेयर, आणि मागे पोरांची रांग. चित्र अडकले की भगीरथ झाकण उघडायचा आणि कापसाच्या बोळ्याने मला हलकेच पुसायचा. "भगीरथचं मशीन अडकत नाय," असे लोक म्हणायचे. ती स्तुती मशीनची असली तरी मी ती स्वतःकडे घ्यायचे. खोटे कशाला बोलू?

पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला आणि आम्हाला कोणी विचारेना. प्लेयर माळ्यावर गेला. उंदरांनी वायरी कुरतडल्या. भगीरथ भातसानगरला ठेकेदाराकडे कामाला लागला आणि शनिवारचा शनिवार घरी येऊ लागला. मी नऊ वर्षे अंधारात पडून होते. कंटाळा आला, रागही आला. ज्या कापसाच्या बोळ्याची सवय लागली होती, तो नऊ वर्षांत एकदाही आला नाही.

मला बाहेर काढले भगीरथच्या मुलीने. तिचे नाव दिपिका. ती मुरबाडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथल्या अनिता मॅडम कीटकांचा अभ्यास करायच्या. जुन्या प्लेयरमधले भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवले तर मुंगीचे केससुद्धा दिसतात, असे त्यांनी वर्गात सांगितले होते. दिपिकाने माळ्यावरून प्लेयर उतरवला आणि स्क्रू काढायला बसली.

तिची आई सावळी तिथेच पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचत होती. ती म्हणाली, "काय फोडतंस गो? बाबाला काय सांगू मी?"

"बाबाच बोलला भंगारात दे. द्यायच्या आधी बघते."

सुईच्या टोकाने तिने मला सोडवले. आता मला मोबाइलवर बसवायचे कसे? तिने आईच्या पाकिटातली सर्वांत मोठी टिकली घेतली, तिला मधोमध भोक पाडले, भोकावर मला ठेवले आणि टिकली कॅमेऱ्यावर चिकटवून टाकली. कपाळावरची वस्तू अशी मोबाइलच्या पाठीवर गेली. सावळीने ते पाहिले आणि तोंडाला पदर लावून हसली.

त्या दिवशी मी मिठाचा खडा पाहिला. पळसाच्या पानाची लव पाहिली. सावळीच्या बोटाच्या टोकावर चोयीने पडलेल्या चिरा पाहिल्या. चोय म्हणजे पत्रावळ टाचायची बांबूची काडी. खाचांखेरीज जगात इतके काही आहे हे मला माहीतच नव्हते. मी फार सुखावले.

मग भाद्रपद आला. भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्यांवर आला होता. आणि अळी आली.

ही अळी दिवसा रोपांच्या बुडाशी आणि बांधावरच्या गवतात दडून बसते. ऊन कलले की वर चढते आणि लोंब्या कुरतडून खाली पाडते. सावळीची दोनच खाचरे होती. घरात वर्षभर शिजणारा भात त्या दोन खाचरांचा. सकाळी गेल्यावर पाण्यात पडलेल्या लोंब्या दिसायच्या. सावळी त्या उचलून ओटीत घ्यायची, पण दाणे अजून दुधात होते, त्यांचा काही उपयोग नव्हता.

तिच्या खालच्या बाजूची खाचरे कुंडलिकची. कुंडलिक साठीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी. फवारणीचा पंप त्याच्याकडे, म्हणून शेतीतला शब्दही त्याचाच चाले. त्याने बायकांना सांगितले होते, "पाठीवर पांढरा ठिपका असंल ती अळी आधी मारा. ती अंडी घेऊन फिरते. एकीच्या शंभर होतील." ते सगळ्यांना पटले. ठिपके खरेच होते. अळीच्या डोक्यामागे, तिळाहूनही बारीक, पांढरे. सावळी दोन संध्याकाळी वाकून वाकून ठिपक्यांच्या अळ्या वेचत होती आणि रॉकेलच्या डब्यात टाकत होती. बिनठिपक्यांच्या अळ्यांकडे ती बघतही नव्हती. हाताला तेवढीच सवड होती, आणि ती तिने अंडीवाल्या अळ्यांना दिली.

याच दिवसांत खाचरांवर करड्या माश्या घोंघावू लागल्या. घरातल्या माशीहून थोड्या मोठ्या, अंगावर राठ केस. कुंडलिक म्हणाला, "ही खोडमाशी, खोड पोखरते. अळीच्या जोडीला आलीय. फवारा मारला पायजे, आणि सगळ्यांनी एकदम मारला पायजे."

दिपिकाने एक ठिपका माझ्यासमोर धरला. मला तो अंड्यासारखाच दिसला. पण तो अळीच्या कातडीला बाहेरून चिकटवलेला होता, आणि अळीचे तोंड पोचणार नाही अशाच जागी होता. दिपिकाने तो फोटो मॅडमना पाठवला.

उत्तर आले, "अळी स्वतःच्या पाठीवर अंडी घालत नाही. ती अळी असते, तिचा पतंग व्हायचा असतो, मगच अंडी. हे दुसऱ्या कोणाचे अंडे आहे. शेतात माश्या दिसतात का? असतील तर पंखाचा फोटो पाठव."

दिपिका दुपारभर माश्यांच्या मागे फिरली. मित्रांनो, ती दुपार मला आठवते, कारण माझी इतकी फजिती कधी झाली नव्हती. मला बघायचे तर माशीच्या अर्धा सेंटिमीटर जवळ जायला हवे. तेवढे जवळ गेले की माशी उडायची. एकदोन बसून राहिल्या, पण पंख पाठीवर एकावर एक मिटून. मॅडमनी कळवले, "पंख मिटलेला आहे. दोन्ही पंखांच्या शिरा एकमेकींत मिसळल्यात. पसरलेला हवा."

दुसऱ्या दिवशी सोमवारी, सकाळी आठ वाजता, कुंडलिकने आपल्या खाचरांत फवारा मारला. नंतर सावळीच्या बांधावर येऊन म्हणाला, "वैनी, आता तुमच्यात मारतो."

सावळी म्हणाली, "दादा, पाच दिवस द्या. पोरीचं काय चाललंय ते होऊ द्या."

"पोरीचं? फोटू काढून अळी मरते का?"

"पाच दिवस."

"तुमची अळी माझ्यात उतरली तर?"

कुंडलिक शुक्रवारी येतो म्हणून गेला. सावळीने लेकीवर विश्वास ठेवला असे मी म्हणणार नाही. तिला भीती वाटत होती, आणि ती तिने दिपिकाला सांगितलीही. "तुझा फोटू चुकला तर आपण खायचं काय, ते आधीच सांगून ठेव," असे ती म्हणाली. दिपिका उठली आणि माश्या शोधायला गेली.

आणि माश्या सापडल्या. कुंडलिकच्या खाचरात, पाण्यावर. उन्हाला पानांवर बसलेल्या माश्यांवर फवारा गेला होता. त्या पाण्यात पडून मेल्या होत्या आणि तरंगत होत्या, पंख दोन्ही बाजूंना सपाट पसरून. दिपिकाने बांधावरून फांदीने एकेक ओढून घेतली. बेचाळीस. घरी येऊन तिने बांगड्यांच्या डब्याचे पारदर्शक झाकण घेतले, त्यावर एक माशी ठेवली. पंख ओला होऊन दुमडला होता तो काही केल्या सुटेना. शेवटी सावळीच पुढे आली. "सरक बाजूला," ती म्हणाली, आणि चोयीच्या टोकाने तिने पंख असा उलगडला की एक शीरही मोडली नाही. पानाला भोक पाडायचे पण फाडायचे नाही, हे ज्या हातांना कळते त्यांनाच ते जमावे. झाकण उजेडाकडे धरले. मी जवळ गेले.

काय पाहिले मी! पातळ, स्वच्छ पडदा आणि त्यात तपकिरी शिरा, कोणी रेघा आखल्यासारख्या. मी मनापासून काम केले. सातव्या फोटोत मी एकही शीर धुरकट येऊ दिली नाही.

मॅडमचा फोन आला. "दिपिका, पंखाच्या पुढच्या कडेपासून शिरा मोजत ये. चौथी शीर बघ. खोडमाशीची चौथी शीर सरळ कडेपर्यंत जाते. तुझ्या फोटोत?"

दिपिकाने फोटो बोटांनी मोठा केला. "सरळ नाही मॅडम. कडेच्या आधी वळलीय. कोपरा झालाय, आणि तिसरीच्या जवळ गेलीय."

"म्हणजे खोडमाशी नाही."

मला वाटले, झाले काम. मी फुशारून गेले. पण मॅडम पुढे म्हणाल्या, "थांब. घरात फिरते त्या माशीचीही चौथी शीर अशीच वळते. नुसत्या पंखावर मी सांगणार नाही. तिला कुशीवर वळव. छातीच्या मागच्या टोकाला, पाठीवरच्या ढालीसारख्या भागाच्या खाली आणखी एक फुगवटा आहे का बघ, घरातल्या माशीला तो नसतो. आणि अंगावरचे केस किती जाड आहेत तेही."

तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखे झाले. एका वळणावर मी निकाल देऊन बसले होते. सावळीने चोयीने माशी कुशीवर वळवली. फुगवटा होता. केस काट्यांसारखे राठ होते. मग दिपिकाने आणखी आठ माश्यांच्या पंखांचे आणि कुशींचे फोटो पाठवले, कारण एकच माशी चुकून आलेली असू शकते असे मॅडमचे म्हणणे होते. आठही तशाच निघाल्या.

रात्रीच्या जेवणाआधी उत्तर आले. ही परजीवी माशी आहे. ती अळीच्या पाठीवर अंडे चिकटवते. त्यातून निघालेला किडा अळीच्या पोटात शिरतो, तिला आतून खातो, आणि सात-आठ दिवसांत अळी मरते. ठिपका असलेली अळी ही आधीच मरणपंथाला लागलेली अळी आहे.

दिपिकाने ते आईला सोप्या शब्दांत सांगितले. सावळीने ते ऐकले आणि रॉकेलचा डबा जवळ ओढला.

"म्हंजे ज्या मरणार होत्या त्या मी मारल्या," ती म्हणाली, "आणि ज्या खाणार होत्या त्या सोडल्या."

"तुला काय माहीत होतं आये?"

"दोन दिवस कंबर मोडून वेचल्या मी."

मला वाईट वाटले. त्या डब्यात अळ्यांबरोबर जन्माआधीच किती माश्या मेल्या असतील ते कोणी सांगू शकणार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून माय-लेकींनी काम उलटे केले. ऊन कलले की बिनठिपक्यांच्या अळ्या वेचायच्या, ठिपक्यांच्या तशाच लोंबीवर सोडायच्या. तुम्हाला हे सोपे वाटेल. पण आपल्या भातावर चढलेली अळी हाताशी असताना तिला सोडून पुढे जायचे, हे सावळीला फार जड जात होते. पहिल्या संध्याकाळी ती प्रत्येक अळी दिपिकाला दाखवायची. "ही? ही सोडू? नक्की?" थोड्या ठिपक्यांच्या अळ्या तिने एका डब्यात माती आणि पाने घालून ठेवल्या आणि वर फडके बांधले. बुधवारी त्यातल्या दोन सुकून काळ्या पडल्या. गुरुवारी नऊ. शुक्रवारी सकाळी मातीत लालसर, गुळगुळीत, तांदळाएवढे कोश सापडले. खाचरातही पानापानावर वाळलेल्या अळ्या लोंबत होत्या. वरच्या खाचराचा एक कोपरा मात्र गेला होता. तिथल्या लोंब्या पाण्यात पडल्या होत्या आणि त्या परत येणार नव्हत्या.

कुंडलिक शब्दाप्रमाणे शुक्रवारी आला. भरलेला पंप पाठीवर होता. सावळीने त्याला वाळलेल्या अळ्या दाखवल्या. मग डबा दाखवला.

कोश बघून तो म्हणाला, "हे अळीचेच. आता ह्यातनं अजून निघतील."

"माश्या निघतील काका," दिपिका म्हणाली. "आठ-दहा दिवस लागतील."

"तवर मी थांबू?"

दिपिकाने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक पंख होता. कुंडलिकने मोबाइल हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब धरला. चौथी शीर कोणती, ती कुठे वळते, खोडमाशीची कशी वळत नाही, हे सगळे दिपिकाने त्याला बोटाने दाखवले. त्याने मध्ये एकदाही तिला अडवले नाही. शेवटी त्याने विचारले, "चांगला पसरलाय पंख. कशी धरलीस? तुमच्या खाचरातली ना?"

दिपिकाला ते सांगायचे नव्हते. सावळीने सांगितले.

"तुमच्या खाचरातली, दादा. पाण्यावर मरून पडलेल्यांतली. सोमवारी तुमी फवारा मारलात त्या सकाळच्या."

"किती होत्या?"

"बेचाळीस वेचल्या पोरीने. अजून होत्या."

कुंडलिकने मोबाइल परत दिला. तो आपल्या खाचरांकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "अळी मेली नाय माझ्यात. सोमवारी सांजेलाच परत वर चढली. मी बोललो नाय कोणाला." त्याने पंपाचे पट्टे खांद्यावरून काढले आणि पंप बांधावर उतरवला. "सकाळच्याला ती खाली दडलेली असते, हे मला ठाऊक नाय का? पण पंप हाय, औषध हाय, आणि सगळे माझ्याकडं बघतात. म्हणून मारला." मग त्याने दिपिकाला विचारले, "माझ्यात आता हाय का ती माशी?"

"नाही काका. काल बघितलं. एकही दिसली नाही."

यावर सावळीने कोणाला न विचारता कोशांचा डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "बांधावर सावलीत ठेवा. फडकं एका बाजूनी ढिलं सोडा. मुंग्या लागू देऊ नका."

"आणि तुमाला?"

"आमच्यात हायेत अजून. खाचरात हायेत."

कुंडलिकने डबा दोन्ही हातांनी धरला. पंप तिथेच बांधावर राहिला. तो संथपणे, पाय घट्ट रोवत निसरड्या बांधावरून खाली उतरला. हे मला दिसले नाही. माझ्यासाठी ते सगळे धुके होते. सावळीने ते नंतर भगीरथला सांगितले तेव्हा मी ऐकले.

दसऱ्याच्या आसपास भात कापला. सावळीचा एक कोपरा सोडून बाकीचे हाती लागले. कुंडलिकचे अर्धेच आले. डब्यातून मात्र माश्या निघाल्या. त्याने स्वतः मोजल्या, सतरा. त्याला त्या सगळ्या घरातल्या माशीसारख्याच दिसल्या, तरी एकीवरही त्याने हात उचलला नाही.

मित्रांनो, आता माझी टिकली सैल झाली आहे आणि माझ्यावर एक ओरखडा पडला आहे. घाईत दिपिकाने चिखल लागलेल्या ओढणीने मला पुसले, तेव्हा पडला. तुमच्याकडे माझ्यासारखे कोणी असेल तर आधी फुंकर मारा, मग ओल्या कापसाने पुसा, एवढे सांगते. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. मी त्या बेचाळीसांतल्या नऊ माश्यांच्या जवळ गेले. त्यांच्या पंखांवरची प्रत्येक शीर मला पाठ आहे. त्यातली एकही जिवंत असताना मी तिचे नाव सांगू शकले नाही. मला फक्त थांबलेलेच दिसते, आणि माशी थांबते ती मेल्यावर. तुमचे तसे नाही. तुम्हाला उडणारी माशी दिसते, लोंबीवर चढणारी अळी दिसते, तिच्या पाठीवरचा ठिपकाही दिसतो. तेव्हा मारायला हात उचलाल, तर आधी क्षणभर थांबून बघा. मेल्यावर बघायला मी आहेच.